बॉल दोनवर, तरी ऑक्सिजन अपुरा: घरच्या मशीनचा फ्लो सहज कसा लावायचा आणि तो का टिकत नाही

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: घरच्या ऑक्सिजन मशीनचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरचा) फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन निघतो तो आकडा, दोनवर लावला, तासाभराने बघितलं तर तो आकडा दाखवणारा बॉल दीडवर आलेला. पुन्हा वाढवला, रात्री पुन्हा खाली. किंवा बॉल जागेवर आहे, पण नाकाशी हवा लागत नाही. मशीन दुरुस्तीला जातं, "मशीन ठीक आहे" असा निरोप घेऊन परत येतं आणि आठवड्यात तोच प्रकार सुरू होतो. याचं कारण साधं आहे. दोष बहुधा मशीनच्या पोटात नसतो, मशीन आणि नाक यांच्यामधल्या वाटेवर असतो. बाटली (ऑक्सिजन ओलसर करणारी, पाण्याची), सांधे, लांब नळी, कॅन्युला (नाकात लावायची दोन टोकांची नळी) या चार गोष्टी क्रमाने तपासल्या तर बरेचसे दोष घरीच सापडतात.

दुसरी अडचण सोयीची. बसताना एक फ्लो, चालताना दुसरा, झोपताना तिसरा असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, पण मशीन एका खोलीत आणि रुग्ण दुसऱ्या खोलीत. मग दर वेळी उठून नॉब फिरवण्यापेक्षा एकाच आकड्यावर दिवस काढला जातो. त्यावर काय करता येतं तेही पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी हे बघा

ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, रुग्णाला वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, तो गोंधळल्यासारखा किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगीत असेल, तर नळ्या तपासत बसू नका. राखीव सिलिंडर लावा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. खालची प्रत्येक तपासणी करतानाही रुग्ण राखीव सिलिंडरवर असावा. घरात राखीव सिलिंडरच नसेल तर पहिलं काम ते मागवण्याचं. वीज गेली तर कॉन्सन्ट्रेटर बंद पडणार, हे ठरलेलंच आहे.

आणखी एक. किती लिटर लावायचा हे डॉक्टर ठरवतात. इथे सांगितलं आहे ते ठरलेला फ्लो प्रत्यक्षात नाकापर्यंत कसा पोचवायचा एवढंच.

बॉल वाचण्यातच चूक होते

फ्लोमीटरच्या उभ्या नळीत बॉल तरंगतो. आकडा वाचायचा तो बॉलच्या मध्यावर, वरच्या किंवा खालच्या कडेवर नाही. दोन लिटर म्हणजे दोनची रेघ बॉलच्या बरोबर पोटातून गेली पाहिजे. एक-दोन लिटरच्या फ्लोला कडेवरून वाचलं तर पाव ते अर्ध्या लिटरची चूक सहज होते, आणि इतक्या कमी फ्लोला अर्धा लिटर म्हणजे फार मोठा फरक.

डोळे बॉलच्या उंचीला हवेत. कॉन्सन्ट्रेटर जमिनीवर असतो, त्यामुळे बहुतेक जण उभ्यानेच वाकून बघतात. आकडे नळीच्या पुढच्या बाजूला छापलेले असतील आणि तुम्ही वरून बघत असाल, तर रेघेवर दिसणारा बॉल खरं तर रेघेच्या खाली असतो, म्हणजे फ्लो कमी लागतो. आकडे बॉलच्या मागच्या बाजूला असतील तर नेमकं उलट होतं. घरात दोन माणसं वेगवेगळ्या उंचीवरून फ्लो लावत असतील तर "कोणी हात लावला नाही तरी आकडा बदलतो" ही तक्रार इथूनच जन्माला येते.

गुडघे वाकत नसतील तर दोन उपाय आहेत. मशीनसमोर बुटकं स्टूल ठेवून त्यावर बसून फ्लो लावा. किंवा मोबाइलचा कॅमेरा बॉलच्या उंचीला सरळ धरा, झूम करा आणि स्क्रीनवर बघत नॉब फिरवा. अधू नजरेच्या माणसालाही हे जमतं. मशीनच उचलून टेबलावर ठेवणं मात्र टाळा. ते थरथरतं, सरकतं आणि पडलं तर हवेतला नायट्रोजन वेगळा करणाऱ्या आतल्या चाळणीच्या नळकांड्यांना इजा होते.

मशीन तिरकं उभं असेल तर बॉल नळीच्या भिंतीला घासतो आणि अडकतो. चाकाखाली गालिच्याची कड आली आहे का ते बघा.

फ्लो लावायची वेळही महत्त्वाची. कॉन्सन्ट्रेटर चालू केल्यावर आतला दाब आणि ऑक्सिजनचं प्रमाण स्थिर व्हायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. चालू करताच लावलेला आकडा दहा मिनिटांनी थोडा हललेला असणं स्वाभाविक आहे. चालू केल्यावर एकदा लावा, दहा मिनिटांनी पुन्हा बघून पक्का करा. सकाळची बरीचशी धावपळ एवढ्याने वाचते.

बॉल खाली येतो, किंवा वर चढतच नाही

इथे तपासणी मशीनकडून नाकाकडे न्यायची. एकेक गोष्ट काढून बघायची.

१. मशीनच्या तोंडाशी जे काही जोडलं आहे ते सगळं काढा: बाटली, नळी, सगळं. आता नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बॉल ठरलेल्या आकड्याच्या वर सहज जातो का? जात असेल तर मशीन ठीक आहे, अडथळा पुढे आहे. जात नसेल तर दोष मशीनमध्ये आहे, त्याबद्दल शेवटी.

२. बॉल दोनवर लावून ठेवा आणि नॉबला हात न लावता आधी फक्त बाटली जोडा. बाटलीतलं पाणी उचलायला थोडा दाब लागतो, त्यामुळे बॉल किंचित उतरला तर चालेल. धाडकन उतरला तर बाटलीच्या आतल्या नळीच्या टोकाशी क्षार साठले आहेत. बाटली बदला.

३. मग लांब नळी जोडा, कॅन्युला नको. इथे बॉल पडला तर नळी कुठेतरी दबली आहे. पलंगाच्या पायाखाली, दाराच्या फटीत, चटईखाली, गादी आणि भिंतीच्या मधे बघा. नळी हातात धरून पूर्ण लांबीवर बोटं फिरवा. एकदा चेपलेल्या जागी नळी सरळ करूनही चपटीच राहते आणि डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांना कळतं.

४. शेवटी कॅन्युला. कानामागे आणि हनुवटीखालच्या सरकत्या मण्याजवळ ती हमखास दुमडते. जुनी कॅन्युला पिवळट, कडक होते आणि वळणावर चिरते. रोज वापर असेल तर दोन ते चार आठवड्यांनी कॅन्युला आणि साधारण तीन महिन्यांनी लांब नळी बदलावी.

ज्या पायरीवर बॉल पडतो ती वस्तू दोषी. नॉब वाढवून बॉल पुन्हा वर आणणं हा उपाय नव्हे. अडथळा तसाच राहतो, आणि नळी सरळ झाली की रुग्णाला अचानक ठरल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन जाऊ लागतो. रात्री कूस बदलताना हे हमखास घडतं: नळीवर अंग पडलं, फ्लो कमी झाला, कोणीतरी नॉब वाढवला, रुग्ण वळला, फ्लो साडेतीनवर गेला.

नळीच्या लांबीची मर्यादा मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते. ५ लिटरच्या बऱ्याच कॉन्सन्ट्रेटरना साधारण १५ मीटरपर्यंत नळी चालते. कारण अशा मशीनचा बाहेर येणारा दाबच मुळात कमी, साधारण ५ ते ९ पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो. एक-दोन लिटरला लांबी फारशी जाणवत नाही, चार-पाच लिटरला लगेच जाणवते. आतून चांदणीच्या आकाराचं भोक असलेली नळी मिळते. ती दबली तरी पूर्ण बंद होत नाही. लांब नळी घ्यायचीच असेल तर हीच घ्या.

बॉल जागेवर आहे, पण नाकाशी काही येत नाही

ही जास्त फसवी अवस्था. बॉल सांगतो मशीनमधून किती निघालं, नाकाशी किती पोचलं ते नाही. मधे गळती असेल तर बॉल छान दोनवर उभा राहतो आणि ऑक्सिजन खोलीत जातो.

पहिली चाचणी पाण्याची. कॅन्युलाची दोन्ही टोकं पेलाभर स्वच्छ पाण्यात बुडवा. दोन्हींतून जोमाने, सारखे बुडबुडे आले पाहिजेत. एकाच टोकातून येत असतील तर कॅन्युला बदला. मग टोकं झटकून, कोरडी पुसून मगच नाकात लावा.

बुडबुडे कमी वाटले तर दुसरी चाचणी चिमटीची, आणि ही प्रत्येक घरात यायला हवी. नाकाजवळ नळी दोन बोटांत घट्ट दुमडून धरा आणि दुसऱ्याला बॉलकडे बघायला सांगा. मधे गळती नसेल तर वायू कोंडला जातो आणि बॉल खाली येऊ लागतो. लांब नळीला आठ-दहा सेकंद द्या. बॉल हललाच नाही तर चिमटीच्या आणि मशीनच्या मधे कुठेतरी ऑक्सिजन बाहेर जातोय. आता चिमटी मशीनच्या दिशेने सरकवत या. कॅन्युला आणि लांब नळीच्या सांध्याअलीकडे, मग लांब नळीच्या मध्यावर, मग बाटलीच्या तोंडाशी. ज्या ठिकाणी आल्यावर बॉल पडायला लागतो, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मधे गळती आहे.

बाटली जोडलेली असेल तर चिमटी घेतल्यावर बाटलीच्या झाकणातून शिटी किंवा टकटक असा आवाज येतो. तो दोष नाही. झाकणात दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो उघडला. आवाज आला म्हणजे बाटलीपासून चिमटीपर्यंतचा भाग घट्ट आहे. अशा वेळी व्हॉल्व्हमधून ऑक्सिजन सुटत असल्याने बॉल शून्यावर येणार नाही, त्यामुळे बॉलपेक्षा कान विश्वासाचे. चिमटी न घेताच शिटी वाजत असेल तर मात्र पुढे नळी बंद आहे.

गळतीच्या नेहमीच्या जागांमध्ये बाटलीचं झाकण पहिलं. प्लास्टिकचे आटे तिरके बसतात, वरून घट्ट वाटतात आणि एका बाजूने फट राहते. झाकण लावताना आधी उलट दिशेने हलकेच फिरवा. "टक" असं बसल्याचं जाणवलं की मग सरळ आवळा. डॉक्टरांनी बाटली आवश्यक सांगितली नसेल आणि फ्लो एक-दोन लिटरच असेल, तर बाटली काढता येईल का हे त्यांना विचारून घ्या. कमी फ्लोला अनेकांना ती लागत नाही, आणि गळतीची सगळ्यात मोठी जागाच नाहीशी होते.

बॉल नाचतो, नळीत पाणी गुडगुडतं

कॉन्सन्ट्रेटरमध्ये दोन चाळण्या आलटून पालटून काम करतात, त्यामुळे दर काही सेकंदांनी बॉलची अगदी बारीक हालचाल होणं साहजिक आहे. बॉल जोरात उड्या मारत असेल तर नळीत पाणी साठलेलं असतं. बाटली कमाल रेघेच्या वर भरली, तिरकी लागली किंवा लांब नळी थंड फरशीवरून गेली की ओलसर ऑक्सिजनमधलं पाणी सखल भागात जमतं. वायू त्याला ढकलून पुढे जातो आणि फ्लो झटक्याझटक्याने येतो.

नळी काढून उभी धरून झटका. मग बाटली वगळून नळी थेट मशीनला जोडा आणि रुग्णाला न लावता काही मिनिटं चालू ठेवा, वाळेल. वारंवार होत असेल तर नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी पकडणारी छोटी डबी बसवा. बाटलीत डिस्टिल्ड पाणीच वापरा, रोज बदला, उरलेल्यात भर घालू नका.

मशीन लांब, रुग्ण इथे: फ्लो बदलायचा कसा

सगळ्यात सोपा उपाय बहुतेक घरांत केलेलाच नसतो. मशीन भिंतीच्या कडेला, बाजूच्या खोलीत ठेवलं जातं ते आवाजामुळे. पण ते अशा जागी ठेवा की रुग्णाची दिवसाची खुर्ची आणि रात्रीचा पलंग दोन्हींच्या मधे येईल. स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेवर असेल तर उत्तमच, कारण चालण्याआधी फ्लो वाढवायचा आणि परतताना कमी करायचा असतो. मशीनभोवती सगळ्या बाजूंनी किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. पडद्याला चिकटलेलं मशीन तापतं आणि दाब कमी देतं.

फ्लोमीटरशेजारी रंगीत पट्ट्या लावा. नळीवर नको, आकडे झाकले जातात. शेजारच्या पृष्ठभागावर, रेघेच्या बरोबरीने बारीक पट्टी: बसण्याला हिरवी, चालण्याला लाल, झोपेला निळी. खाली कागदावर तेच शब्दांत लिहा. रात्री अर्धवट झोपेत उठलेल्या माणसालाही चुकता येत नाही.

काही कॉन्सन्ट्रेटरना रिमोट किंवा मोबाइलवरून फ्लो बदलायची सोय असते. नवीन घेणार असाल आणि रुग्णाला दिवसातून अनेकदा फ्लो बदलावा लागत असेल तर ही सोय मागून घ्या. असं मशीन घेतलं तरी रिमोट नादुरुस्त झाल्यावर फ्लो हाताने बदलता येतो का, हे आधी विचारा.

जुनं मशीन असेल तर रुग्णाच्या खुर्चीजवळ दुसरा फ्लोमीटर बसवता येतो. हे काम पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. त्यातल्या खाचाखोचा तुम्हालाही माहीत हव्यात, कारण हे चुकीचं बसवलेलं पुष्कळदा आढळतं.

कल्पना अशी: मशीनवरचा नॉब ठरलेल्या सगळ्यात जास्त फ्लोवर ठेवायचा, समजा चालण्यासाठी ३ सांगितला आहे तर ३ वर. लावताना दुसरा फ्लोमीटर पूर्ण उघडा ठेवा. मग खुर्चीजवळच्या फ्लोमीटरवर हवा तो आकडा लावायचा. मशीनवरचा आकडा छताचं काम करतो. खुर्चीजवळचा नॉब कोणी पूर्ण उघडला तरी ३ च्या पुढे जात नाही.

यात एक फायदा आपोआप मिळतो. दोन्ही फ्लोमीटरमधून तोच वायू जातो, म्हणून खुर्चीजवळ २ लावल्यावर थोड्या वेळात मशीनवरचा बॉलही २ जवळ उतरायला हवा. तो ३ वरच थांबला तर दोघांच्या मधे एक लिटर गळतोय. चिमटीच्या चाचणीशिवाय गळती कळते.

आता अटी. दुसरा फ्लोमीटर कमी दाबासाठी बनवलेला असला पाहिजे. रुग्णालयाच्या भिंतीवर लागणारा फ्लोमीटर ५० पीएसआय दाब धरून आखलेला असतो. तोच कॉन्सन्ट्रेटरच्या कमी दाबावर लावला तर खोटा आकडा दाखवतो, तोही जास्त. बॉल दोनवर दिसतो आणि प्रत्यक्ष फ्लो त्याच्या जवळपास निम्मा असू शकतो. बाटली दुसऱ्या फ्लोमीटरच्या पुढे, म्हणजे रुग्णाच्या बाजूला हवी. मशीनशी ठेवली तर दोन फ्लोमीटरच्या मधे कोंडलेल्या दाबाने तिच्या झाकणातला व्हॉल्व्ह सतत सुटत राहतो, शिवाय ओलावा दुसऱ्या फ्लोमीटरमध्ये जाऊन बॉल चिकटतो. फ्लोमीटर उभाच हवा, खुर्चीच्या पायाला किंवा भिंतीला पक्का. उशीजवळ लोंबकळत ठेवू नका. आणि चुकून शून्यावर गेला तर सगळी मशीन त्यावर आवाज करून सांगत नाहीत, म्हणून तो नॉब येता-जाता धक्का लागणार नाही अशा बाजूला वळवा.

वाय आकाराचा सांधा लावून एका मशीनवर दोन माणसांना ऑक्सिजन द्यायचा प्रयत्न कधीही करू नका. ज्याची नळी मोकळी त्याच्याकडे जास्त जातो, आणि कोणाला किती हे कुठल्याच बॉलवर दिसत नाही.

५ लिटरच्या मशीनवर बॉल ५ च्या वर चढवता येतो, पण त्याचा अर्थ जास्त ऑक्सिजन असा होत नाही. चाळण्यांना नायट्रोजन वेगळा करायला वेळ पुरत नाही आणि एरवी ९० ते ९६ टक्के असणारं ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं. खालच्या टोकालाही मर्यादा आहे. बऱ्याच मशीनना किमान अर्धा लिटर तरी फ्लो लागतो. लहान मुलांना त्याहून कमी सांगितला असेल तर मोठ्या मशीनवर अंदाजाने बॉल तळाशी टेकवू नका. पाव किंवा त्याहून बारीक भागांच्या खुणा असलेला कमी फ्लोचा खास फ्लोमीटर मागा.

सिलिंडरवर फ्लो लावताना

सिलिंडरच्या रेग्युलेटरचे (दाब कमी करून फ्लो देणाऱ्या भागाचे) तीन प्रकार घरात दिसतात आणि तिन्हींच्या चुका वेगळ्या.

बॉलचा फ्लोमीटर असेल तर सिलिंडर उभाच हवा, आडवा किंवा तिरका ठेवून आकड्यावर विश्वास ठेवू नका. टकटक करत आकडे बदलणाऱ्या रेग्युलेटरला सिलिंडर कसाही असला तरी चालतं, म्हणून बाहेर नेताना तो सोयीचा. पण त्यात आकडा खिडकीत नीट बसला पाहिजे. दोन आकड्यांच्या मधे चकती थांबली तर अनेक रेग्युलेटरमध्ये फ्लो पूर्ण बंद होतो. दीड हवा म्हणून एक आणि दोनच्या मधे ठेवणं म्हणजे शून्य देणं. "टक" आवाज ऐका आणि दर वेळी टोकाला हात लावून हवा येते का बघा. तिसरा प्रकार काट्याच्या तबकडीचा. पुढे नळी पूर्ण बंद झाली तरी हा काटा फ्लो चालू असल्यासारखाच दाखवत राहतो, कारण तो खरं तर दाब मोजतो. त्यावर पाण्याची चाचणी केल्याशिवाय समाधान मानू नका.

चावी सावकाश उघडा, पूर्ण उघडल्यावर पाव फेरा परत घ्या. सांध्यातून सुर्र आवाज आला तर चावी बंद करा, वॉशर जागेवर आहे का, चिरला आहे का बघा आणि मग आवळा. आवाज येत असताना पान्याने जोर लावू नका. सांध्याला, वॉशरला, आट्यांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या संपर्कात तेल पेट घेतं.

किती वेळ पुरेल याचा हिशोब: सिलिंडरची जलक्षमता (त्यात किती लिटर पाणी मावेल ते माप) गुणिले दाब (बार या एककात) भागिले फ्लो. १० लिटर जलक्षमतेच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब असेल तर साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. पाचवा भाग राखीव धरला की उरले १२००. दोन लिटरच्या फ्लोला ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. तीन लिटरला पावणेसात तासांहून थोडं कमी. हा हिशोब तुमच्या सिलिंडरचे आकडे घालून त्यावरच चिकटवा.

खांद्यावरच्या मशीनचे आकडे

सोबत नेण्याच्या लहान कॉन्सन्ट्रेटरपैकी बरेचसे सतत फ्लो देत नाहीत, श्वास आत घेतल्यावर एक झुळूक सोडतात. त्यावरचा २ म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे, ती फक्त त्या मशीनची पायरी आहे. एका कंपनीचा २ आणि दुसऱ्या कंपनीचा २ यांतही फरक असतो. म्हणून घरच्या मशीनवरचा आकडा तसाच इकडे आणायचा नाही. चालताना ऑक्सिमीटर लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरी ठरवून घ्यायची. या मशीनला पाण्याची बाटली जोडू नका आणि लांब नळीही नको. श्वासाची सूक्ष्म ओढ मशीनपर्यंत पोचत नाही आणि झुळूक सुटतच नाही. साधारण दोन मीटरची कॅन्युला ठीक. तोंडाने श्वास घेणाऱ्याला किंवा झोपेत ही मशीन चालतात की नाही हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय गृहीत धरू नका.

बदलल्यावर काय बघायचं

फ्लो बदलताच ऑक्सिमीटरचा आकडा बदलत नाही. पाच मिनिटं थांबा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखावरचा रंग काढा, हात टेकवून स्थिर ठेवा. गडद त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आकडा ९८ आला म्हणून खूश होण्याचं कारण नाही. फुप्फुसांच्या जुनाट आजारात ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड वाढतो. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. घरच्यांना वाटतं रुग्ण शांत झोपला आहे. तुमच्या रुग्णाचं लक्ष्य काय आहे ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि रंगीत पट्ट्यांच्या खालीच लिहून ठेवा.

फ्लो बंद करताना नॉब पिळून आवळू नका. आतली फ्लो अडवणारी सुई आपल्या बसण्याच्या जागेत रुतते, ती जागा खराब होते आणि पुढे तोच नॉब कितीही सांभाळून लावला तरी बॉल सरकत राहतो. वापर थांबला की मशीन बंद करा. चालू कॅन्युला गादीवर किंवा कपड्यांवर पडून राहिली की त्यात ऑक्सिजन मुरतो, आणि एक ठिणगी पुरते. विडी-सिगारेट, दिवा, शेगडी यांपासून किमान तीन मीटर लांब राहा.

मशीनचाच दोष असेल तर

पहिल्या पायरीत, काहीही न जोडता बॉल चढला नसेल, तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधी तीन गोष्टी बघा. बाहेरची जाळी धुळीने भरली आहे का? ती आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून बसवायची असते, ओली बसवायची नाही. मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर आहे की लांब जोडवायरवर? व्होल्टेज कमी पडलं की कॉम्प्रेसर दमतो आणि बॉल संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, उतरतो. आणि मशीन नेहमीपेक्षा तापलं आहे का?

यानंतरही बॉल चढत नसेल, किंवा ऑक्सिजन कमी असल्याचा पिवळा अथवा लाल दिवा लागून राहत असेल, तर रुग्णाला सिलिंडरवर घ्या आणि फोन करा. आतली चाळणी, इनलेटचा फिल्टर आणि कॉम्प्रेसर उघडणं हे घरचं काम नाही. फोनवर "फ्लो येत नाही" एवढंच सांगितलं तर तंत्रज्ञ मोकळ्या हाताने येतो. हे सांगा: काहीही न जोडता बॉल किती वर जातो, बाटली जोडल्यावर किती, पूर्ण नळीसह किती, कुठला दिवा लागला आहे, मशीनच्या तासांच्या मीटरवर किती तास झाले, आणि दोष दिवसाच्या ठरावीक वेळी येतो की कधीही. येताना ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र आणायला सांगा. ठरलेल्या फ्लोवर, दहा मिनिटं मशीन चालल्यानंतर, तुमच्यासमोर ते लावून आकडा दाखवायला लावा आणि तारखेसह मशीनवरच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते.